मोर्सचं ‘के’ अक्षर: टिंबं मोजून येत नाही

मोर्स म्हणजे टिंब (आखूड आवाज) आणि रेघ (लांब आवाज) यांनी अक्षरं पाठवायची सांकेतिक लिपी. ती शिकताना ‘आधी तक्ता पाठ करा, मग हळूहळू टिंबं-रेघा मोजत ऐका’ हा सल्ला अजूनही दिला जातो. तो चुकीचा आहे. मोजायची सवय लागली की वेग वाढताच कान अडखळतो आणि सगळं पुन्हा शिकावं लागतं.

‘के’ घ्या: डा-डि-डा, म्हणजे रेघ-टिंब-रेघ. टिंब एक मात्रा, रेघ तीन, मधली शांतता एकेक; एकूण नऊ मात्रा. मिनिटाला २० शब्दांच्या वेगात मात्रा ६० मिलिसेकंदांची, म्हणजे अख्खं अक्षर साधारण अर्ध्या सेकंदात संपतं. मोजायला वेळच कुठे आहे? ५ शब्दांच्या वेगात तेच दोन सेकंद रेंगाळतं आणि त्याची लय हरवते. म्हणून अक्षर पहिल्यापासून वेगातच ऐकावं. हवं तर दोन अक्षरांमधली शांतता वाढवावी.

पाठवताना मुख्य चूक आतल्या शांततेत होते. पहिल्या रेघेनंतर थबकलात तर समोरच्याला ‘टी, ए’ ऐकू येतं, टिंबानंतर थबकलात तर ‘एन, टी’. चावी (ज्याने टिंबं-रेघा पाठवतात ती कळ) मनगटाने दाबा, बोटाने टोचू नका. तोंडाने ‘डा-डि-डा’ म्हणत दाबलं की रेघ आखूड होत नाही.

सोबत ‘एम’ घ्या, डा-डा. दोन्ही मिसळून ऐका. शंभरातली नव्वद बरोबर आली की तिसरं अक्षर.