मोठ्यांचा विनोद, चार वर्षांचा प्रेक्षक

"त्याला काय कळतंय!" एवढं म्हटलं की टीव्हीसमोर बसलेल्या चार वर्षांच्या मुलाचा प्रश्न बहुतेक घरांत मिटतो. मालिका मोठ्यांसाठी केलेली असते. नवराबायकोची जुगलबंदी, आगंतुक पाहुण्याची टर, साहेबाची नक्कल, अधूनमधून एखादा चावट शब्दखेळ असा सगळा मामला. मूल सगळ्यांच्या बरोबरीने खदखदून हसतं. नेमकं चावट वाक्यावर त्याला जोरात हसू फुटलं की मात्र मोठी माणसं चपापून एकमेकांकडे बघतात. याला कळलं की काय?

कळलेलं नसतं. ते हसलं कारण सगळे हसले. चिंता करायचीच असेल तर ती वेगळ्याच ठिकाणी करायला हवी, आणि तिथे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

विनोद समजण्याची ताकद बुद्धीच्या वाढीबरोबर टप्प्याटप्प्याने येते. पॉल मॅकगी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७६ साली हे फार छान दाखवून दिलं. एक माणूस अख्खा पिझ्झा मागवतो. वेटर विचारतो, सहा तुकडे करू की आठ? तो म्हणतो, "सहाच करा बाबा, आठ मला संपायचे नाहीत." या धर्तीचे विनोद मॅकगींनी वेगवेगळ्या वयांच्या मुलांना ऐकवले. तुकडे कितीही केले तरी ऐवज तेवढाच राहतो, हे ज्या मुलांना उमगलेलंच नव्हतं त्यांना यात हसण्यासारखं काही दिसेना. ज्यांना ते फार पूर्वीच उमगलं होतं, ती मोठी मुलंही फारशी खूश झाली नाहीत. सर्वांत जास्त मजा आली ती ज्यांना ही गोष्ट नुकतीच कळली होती त्यांना. विनोद डोक्याला थोडासा ताण देणारा, पण आवाक्यातला असावा लागतो. द्व्यर्थी विनोदासाठी एका शब्दाचे दोन अर्थ एकदम मनात धरावे लागतात, शिवाय त्यातला एक अर्थ मोठ्यांच्या जगातला असतो. चार वर्षांच्या मुलाच्या तो डोक्यावरून जातो. शब्द मात्र राहतो, आणि नको तिथे, नको त्या पाहुण्यांसमोर बाहेर पडतो. त्याने आईबापांची पंचाईत होते, मुलाचं फारसं काही बिघडत नाही.

उपरोधाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. समोरच्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही असू शकतं, हेच मुळात लहान मुलाला माहीत नसतं. हाइन्त्स विमर आणि जोसेफ पेर्नर यांनी १९८३ मध्ये मुलांना मॅक्सी नावाच्या मुलाची गोष्ट सांगितली. मॅक्सी एका कपाटात चॉकलेट ठेवून बाहेर जातो. त्याच्यामागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर मॅक्सी चॉकलेट कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बेधडक दुसरं कपाट दाखवतात, कारण चॉकलेट तिथे आहे हे त्यांना स्वतःला माहीत असतं. मॅक्सीला ते माहीत नाही, हे साधारण चार-पाच वर्षांच्या पुढे लक्षात येऊ लागतं. उपरोध ही त्याच्याही पुढची पायरी. बोलणारा उलटं बोलतोय, आपल्याला ते कळावं अशीच त्याची इच्छा आहे, आणि तो ते टोचायला किंवा गंमत म्हणून बोलतोय, एवढं सगळं एका क्षणात जुळवावं लागतं.

मालिकांमधला एक ठरलेला प्रसंग घेऊ. नवऱ्याच्या हातून कपांचा ट्रे पडतो. खळ्ळकन आवाज, एक क्षण शांतता. बायको कमरेवर हात ठेवून म्हणते, "वा! काय पण हुशार नवरा मिळालाय मला!" हशा. नवरा ओशाळून तुकडे गोळा करू लागतो आणि त्याचं डोकं टेबलावर आपटतं. पुन्हा हशा, आधीपेक्षा मोठा.

चार वर्षांच्या मुलाने यात काय पाहिलं? कप फुटले, डोकं आपटलं, सगळे हसले. बायको "हुशार" म्हणाली, म्हणजे कौतुक केलं असावं, पण चेहरा तर रागीट होता. सहाव्या वर्षाच्या सुमारास मुलाला कळतं की तिला हुशार म्हणायचं नव्हतं. तरीही त्यात गमतीचं काय, हे त्याला दिसत नाही. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ पेनी पेक्समन यांनी या विषयावर बरीच वर्षं काम केलं आहे. शब्दांचा अर्थ उलटा आहे हे आधी समजतं आणि तो उलटा ठेवण्यामागची गंमत बरीच नंतर, आठ ते दहाच्या घरात, असं त्यांच्या आणि इतरांच्या अभ्यासांतून दिसतं. तोवर उपरोध मुलाच्या कानाला खोटं बोलणं वाटतं किंवा नुसता तुसडेपणा.

डोकं आपटण्याचं मात्र पूर्ण कळतं. धडपडणं, घसरून पडणं, उलटी टोपी घालणं हा मुलांचा स्वतःचा विनोद आहे आणि मोठ्यांच्या मालिकांत तोही भरपूर असतो. मूल मनापासून हसतं ते इथे. यात मला तक्रारीसारखं काही वाटत नाही. फक्त पडण्याची नक्कल सोफ्यावरून होते की जिन्यावरून, एवढं बघायला हवं.

आता मूळ मुद्दा. मुलाला विनोद कळला नाही तरी हशा कळतो. आणि हशाचा अर्थ लावण्यात मुलं आपण समजतो त्यापेक्षा फार लवकर तयार होतात. एलेना हॉइका आणि मेरिडेथ गॅटिस यांचा २००८ सालचा एक प्रयोग माझ्या फार आवडीचा आहे. त्यातली मुलं होती अवघी दीड ते तीन वर्षांची. प्रयोग करणारी व्यक्ती त्यांच्यासमोर एखादी गोष्ट धडधडीत चुकीच्या पद्धतीने करायची. कृती तीच, पण कधी ती करून व्यक्ती हसायची आणि कधी "अरेच्चा, चुकलं!" अशा सुरात उद्गार काढायची. मग पाळी मुलाची. उद्गारानंतर मुलं ती गोष्ट बरोबर करून दाखवायची. हसण्यानंतर मात्र ती चुकीची कृतीच जशीच्या तशी करायची. एवढ्याशा मुलाने हसण्यावरून ताडलं होतं की हे चुकून झालेलं नाही, मुद्दाम केलंय, आणि आपणही करायला हरकत नाही.

या प्रयोगातलं हसू घरगुती होतं. टीव्हीवरचं हसू कारखान्यात तयार होतं. सीबीएस या अमेरिकी वाहिनीतले ध्वनितंत्रज्ञ चार्ल्स डग्लस यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला एक यंत्र बनवलं. कळा दाबल्या की ध्वनिमुद्रित हशा हवा तिथे, हव्या त्या प्रमाणात पेरता यायचा. पुढे कित्येक वर्षं मालिकांमधल्या हशावर त्यांचीच मक्तेदारी होती. संगतीने हसू वाढतं, हे मुलांच्या बाबतीत मोजूनही झालं आहे. अँटनी चॅपमन यांनी १९७३ मध्ये सात वर्षांच्या मुलांना कानाला हेडफोन लावून विनोदी मजकूर ऐकवला, तर एकट्याने ऐकणाऱ्यांपेक्षा सोबत मूल असलेली मुलं जास्त हसली.

हे दोन धागे जोडले की माझा तर्क असा होतो. विनोदी मालिका दर काही सेकंदांनी मुलाला सांगत असते की हे चाललेलं ठीक आहे, हे करण्याजोगं आहे. आणि ती हे सर्वांत मोठ्याने कुठे सांगते? बहुतेक वेळा अपमानाच्या जागी. कुणाच्या वजनावर, बोलण्याच्या लकबीवर, वेंधळेपणावर, वयावर बाण सुटतो आणि हशा उसळतो. मोठ्या प्रेक्षकाला ठाऊक असतं की ही दोघं एकमेकांवर जीव टाकतात, हा त्यांचा खेळ आहे. मुलाला ती चौकट दिसत नाही, फक्त चित्र दिसतं.

अपमान करणाऱ्याचं पुढे काय होतं, हेही महत्त्वाचं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या बोबो बाहुलीच्या (बडवली तरी पुन्हा उभी राहणारी हवेची बाहुली) प्रयोगांबद्दल अनेकांनी वाचलं असेल. त्यातला १९६५चा प्रयोग कमी सांगितला जातो. मुलांनी एका माणसाला बाहुली बडवताना फिल्मवर पाहिलं. काहींच्या फिल्ममध्ये त्याला शेवटी शाबासकी मिळाली, काहींच्या फिल्ममध्ये बोलणी बसली, काहींच्यात काहीच झालं नाही. बोलणी बसलेली पाहिलेल्या मुलांनी नक्कल सर्वांत कमी केली. पण नंतर "जे पाहिलंत ते करून दाखवलंत तर बक्षीस" असं सांगताच हा फरक पुसला गेला. शिकले सगळेच होते, काहींनी फक्त आवरतं घेतलं होतं. विनोदी मालिकेत टोमणे मारणाऱ्याला बोलणी बसत नाहीत. बहुधा तेच सर्वांचं आवडतं पात्र असतं.

"पण शेवटी सगळं गोड होतं ना?" होतं, वीस मिनिटांनी. लहान मुलाला वीस मिनिटांपूर्वीची कृती आणि आत्ताचा पश्चात्ताप यांची सांगड घालता येत नाही. अँड्र्यू कॉलिन्स यांनी १९७३ मध्ये मारामारीचा प्रसंग, त्यामागचा वाईट हेतू आणि त्याची शिक्षा यांच्यामध्ये जाहिराती घातल्या. तिसरीतल्या मुलांवर याचा परिणाम झाला, भांडणाच्या प्रसंगी तू काय करशील, यावरची त्यांची उत्तरं जास्त आक्रमक झाली. सहावी आणि दहावीतल्या मुलांना फरक पडला नाही. खास मुलांसाठी बनवलेल्या कार्यक्रमांतही तात्पर्य निसटतं. मारी-लुईझ मेअर्स आणि एमिली अकोस्टा यांनी २००८ मध्ये शिशुवर्गातल्या मुलांना तीन पायांच्या कुत्र्याची कार्टून-गोष्ट दाखवली. वेगळ्या दिसणाऱ्यांशी नीट वागा, हा तिचा बोध. फार थोड्या मुलांना तो उमगला. काहींनी तो कुत्र्यांपुरताच घेतला.

मोठ्यांनी मात्र इथे फार शेखी मिरवू नये. १९७१ साली सुरू झालेल्या 'ऑल इन द फॅमिली' या अमेरिकी मालिकेत आर्ची बंकर हा पूर्वग्रहांनी ठासून भरलेला गृहस्थ थट्टेचा विषय होता. नील विडमार आणि मिल्टन रोकीच यांनी १९७४ मध्ये अमेरिकेतले किशोर आणि कॅनडातले प्रौढ प्रेक्षक तपासले. ज्यांचे पूर्वग्रह मुळातच पक्के होते, त्यांना आर्चीचंच म्हणणं पटत होतं.

प्रत्यक्षात मुलांवर परिणाम दिसतो का? निकोल मार्टिन्स आणि बार्बरा विल्सन यांनी २०१२ मध्ये अमेरिकेत २ ते ११ वर्षांच्या मुलांमध्ये सर्वाधिक पाहिले जाणारे ५० कार्यक्रम चाळले. यात मोठ्यांसाठीचेही काही होते. टर उडवणं, नावं ठेवणं, वाळीत टाकणं, चुगल्या हे प्रकार ९२ टक्के कार्यक्रमांत आढळले, तासाला सरासरी १४ वेळा. शाळकरी मुलांच्या पाहणीत, असं जास्त बघणाऱ्या मुली वर्गातही तसं जास्त वागतात असं त्यांना दिसलं. मुलग्यांत तसा संबंध दिसला नाही. अशा पाहणीवरून कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे ठरवता येत नाही. टोमणे आवडणारी मुलगी टोमण्यांची मालिका निवडत असेल, हेही शक्य आहे.

अमेरिकेत १९९७ पासून कार्यक्रमांना वयानुसार दर्जा मिळतो आणि सोबत इशाऱ्याची अक्षरं असतात. सूचक संवादांना एक, असभ्य भाषेला एक, लैंगिक दृश्यांना एक, हिंसेला एक. कुणाला पाणउतारा करून रडवण्याला अक्षरच नाही. म्हणजे मुलाला न कळणाऱ्या गोष्टींची नोंद होते आणि सहज कळणारी सुटते.

तीन वर्षांखालच्या बाळांचा हिशेब वेगळा आहे. त्यांना मालिकेतला ना विनोद कळतो ना अपमान, पण नुसता चालू असलेला टीव्हीही त्यांना बाधतो. २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या गटाने एक ते तीन वर्षांच्या मुलांना तासभर खेळणी दिली आणि त्यातला अर्धा तास मोठ्यांचा एक प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम खोलीत चालू ठेवला. मुलं पडद्याकडे क्षणभरच बघत होती. तरी एकेका खेळात रमण्याचा वेळ कमी झाला. घरात कुणी बघत नसताना विनोदी मालिका "सोबतीला" लावून ठेवायची सवय असेल, तर आधी ती मोडावी.

मग बंदी घालायची? सात-आठ वर्षांखालच्या मुलाचं रोजचं पाहणं मोठ्यांची विनोदी मालिका असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कधीतरी सर्वांबरोबर एखादा भाग पाहिला तर आभाळ कोसळत नाही. टीव्ही बंद करण्यापेक्षा कार्यक्रम बदलणंही उपयोगी पडतं. दिमित्री क्रिस्ताकिस यांच्या गटाने २०१३ मध्ये ३ ते ५ वर्षांच्या मुलांच्या ५६५ पालकांसोबत प्रयोग केला. बघण्याचा वेळ कमी करायला सांगितलं नव्हतं, फक्त आक्रमक कार्यक्रमांच्या जागी समजूतदार कार्यक्रम लावायचे होते. सहा महिन्यांनी मुलांच्या वागण्यात सुधारणा दिसली, थोडीशीच, पण दिसली.

सोबत बसला असाल तर बोला. गप्प बसून एकत्र पाहण्यात धोका असा की तुमचं हसूही त्या हशात मिसळतं, आणि मुलासाठी ते डग्लसच्या यंत्रापेक्षा कितीतरी वजनदार असतं. प्रवचन नको. "त्याला वाईट वाटलं असेल, नाही?" किंवा "ती चिडवतेय, खरं म्हणत नाहीये" एवढं पुरतं, तेही प्रसंग चालू असतानाच. भाग संपल्यावर बोलण्यात अर्थ नाही, तोवर धागा तुटलेला असतो.

आठ-नऊच्या पुढे बंदीचा उलटाही परिणाम होतो. ब्रॅड बुशमन आणि अँजेला स्टॅक यांनी १९९६ मध्ये दाखवलं होतं की इशाऱ्याची पट्टी पाहून कार्यक्रम पाहण्याची ओढ वाढते. या वयाच्या मुलाबरोबर एक भाग बघावा आणि एखाद्या उपरोधिक वाक्याशी थांबून विचारावं, "ती असं का म्हणाली?" "गंमत केली, तो नेहमीच धांदरटपणा करतो म्हणून" असं उत्तर आलं, तर मालिका त्याच्या आवाक्यात आली आहे. "खोटं बोलली" असं आलं, तर अजून वर्षभर थांबायला हरकत नाही.