आहारवाढ व वजनातील चढउतार

आहारवाढ व वजनातील चढउतार : नेहमीपेक्षा जास्त खाल्ल्यावर वजनकाट्यावर दिसणारी वाढ आणि तिच्यापैकी शरीरात खरोखर टिकणारी वाढ यांचा परस्परसंबंध. मराठीत या दोहोंसाठी दोन वेगळे वाक्प्रयोग आहेत. ‘वजन चढले’ हे काट्याविषयीचे बोलणे. ‘खाल्लेले अंगी लागले’ हे शरीराविषयीचे. कोकणात घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी दुसरा प्रयोग अजून सर्रास असतो, आणि शरीरक्रियाविज्ञानाच्या दृष्टीने तोच अधिक नेमका आहे. जास्त खाल्ल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत काटा पुढे सरकतो तो मुख्यतः पाणी, मीठ, ग्लायकोजेन (यकृतात व स्नायूंत साठलेली शर्करा) आणि आतड्यातील अन्न यांमुळे. मेदाचा त्यात वाटा थोडा असतो.

कोकणातील गणेशोत्सव हे याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. चाकरमानी गावी उतरतो आणि त्याचे रोजचे जेवण बदलते. चतुर्थीला उकडीचे मोदक, दुसऱ्या दिवशी ऋषीची भाजी, गौरीला घावन-घाटले, काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि वडे, रात्री भजनाच्या मंडळींबरोबर चहा-उसळ. काही घराण्यांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. इतरांकडे विसर्जनानंतर माशाचे कालवण होते. पाच दिवसांचा गणपती पोचवून परतलेला माणूस काट्यावर उभा राहतो आणि वजन २ किग्रॅ. जास्त दिसते. हे २ किग्रॅ. सर्व मेदच आहे असे मानले, तर हिशेब जुळत नाही. १ किग्रॅ. मेदोतक (मेद साठविणारे ऊतक) साठण्यासाठी सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा गरजेपेक्षा जास्त जावी लागते. १०० ग्रॅ. कच्च्या तांदळात सुमारे ३५० किलोकॅलरी धरल्या, तर ही ऊर्जा २.२ किग्रॅ. तांदळाइतकी होते. म्हणजे पाच दिवसांत २ किग्रॅ. मेद चढायला रोजच्या पुरेशा जेवणावर आणखी जवळजवळ ९०० ग्रॅ. तांदळाचा भात दररोज खावा लागेल. मोदकातले खोबरे व गूळ, वर ओतलेले तूप आणि वड्यांचे तेल धरले तरी इतके वाढीव खाणे सहसा घडत नाही.

पूर्वपीठिका : आहाराचे प्रमाण व शरीराची स्थूलता यांचा संबंध चरकसंहितेत स्पष्टपणे येतो. या ग्रंथाचा काळ निश्चित नाही, सामान्यतः इ. स. पू. पहिले ते इ. स. दुसरे शतक या दरम्यान तो मानतात, आणि त्यात नंतरही भर पडली असावी. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल व अतिकृश या दोघांचा विचार आहे. विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पून एक घन अन्नासाठी, एक द्रवासाठी आणि एक दोषांच्या संचारासाठी ठेवावा असे सांगितले आहे. ‘चार घास कमी खावे’ या घरगुती सल्ल्यामागे हीच परंपरा असावी.

अन्न आणि वजन यांचे पद्धतशीर मोजमाप इटलीतील पाद्वा येथील वैद्य सांतोर्यो सांतोर्यो (१५६१–१६३६) याच्या नावावर आहे. तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून तो जेवत असे, आणि खाल्लेल्या-प्यायलेल्या पदार्थांचे तसेच मलमूत्राचे वजन करीत असे. ही निरीक्षणे त्याने सुमारे तीस वर्षे केली असे सांगतात. १६१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथानुसार दिवसात ८ पौंड अन्नपाणी घेतले, तर त्यातील सुमारे ५ पौंड डोळ्यांना न दिसणाऱ्या उत्सर्जनाने निघून जाते. त्वचेतून व श्वासातून जाणारे पाणी त्याला अंदाजाने कळले होते. श्वासावाटे कार्बनही जातो, हे कळायला आणखी दीड शतकाहून अधिक काळ लागला. आज असे दाखविता येते, की १० किग्रॅ. मेद पूर्णपणे ‘जळला’ तर त्यातील सुमारे ८.४ किग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड होऊन फुप्फुसांतून बाहेर पडतो आणि उरलेल्याचे पाणी होते.

कोकणात माणूस तोलण्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग म्हणजे १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या निमित्ताने रायगडावर झालेली शिवछत्रपतींची सुवर्णतुला. इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याने तुलेला सुमारे १६,००० होन लागल्याचे नोंदविले आहे. यावरून महाराजांचे वजन काढण्याचे प्रयत्न झाले असले, तरी होनाचे वजन प्रकारानुसार सुमारे २.७ ते ३.४ ग्रॅ. असे बदलते, त्यामुळे उत्तर ४३ ते ५४ किग्रॅ. यांमध्ये कोठेही येते. होनांचा आकडाही ‘सुमारे’ असाच दिलेला आहे. या नोंदीकडे विधीचे वर्णन म्हणून पाहणे सयुक्तिक ठरते. देहभाराचा पुरावा म्हणून ती पुरेशी नाही.

ग्लायकोजेन आणि पाणी : पिष्टमय पदार्थ जास्त खाल्ल्यावर ग्लुकोज यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेनाच्या रूपात साठते. हा पदार्थ क्लोद बेर्नार याने १८५७ मध्ये यकृतातून वेगळा केला. प्रौढ माणसाच्या यकृतात साधारण १०० ग्रॅ. आणि स्नायूंत ३०० ते ५०० ग्रॅ. ग्लायकोजेन मावते. ते कोरडे साठत नाही, पाण्यासह साठते; मात्र १ ग्रॅ. ग्लायकोजेनाबरोबर नेमके किती पाणी राहते, यावर दीर्घकाळ मतभेद आहेत. प्राण्यांच्या यकृतावरील प्रयोगांतून १९४१ मध्ये सुमारे २.७ ग्रॅ. हा आकडा पुढे आला. १९६० च्या दशकात योनास बेरिस्ट्रॉम याने सुईने स्नायूचा नमुना काढण्याची पद्धत रूढ केल्यावर माणसाच्या स्नायूतील ग्लायकोजेन थेट मोजता येऊ लागले. १९७० मध्ये ओल्सन व साल्टिन या स्वीडिश संशोधकांनी आधी ग्लायकोजेन रिते करून मग भरपूर पिष्टमय आहार दिला, तेव्हा वजन सरासरी सुमारे २.४ किग्रॅ. वाढले आणि त्यातील सुमारे २.२ लि. पाणी होते. त्यांनी ३ ते ४ ग्रॅ. हे प्रमाण मांडले, आणि पाठ्यपुस्तकांतून आजही तेच दिले जाते. १९८२ मध्ये उंदरांवरील एका प्रयोगात मात्र स्नायूतील ग्लायकोजेन व पाणी यांचा असा स्थिर संबंध आढळला नाही.

उष्ण हवेच्या प्रदेशासाठी २०१५ मधील एक स्पॅनिश अभ्यास विशेष महत्त्वाचा आहे. सायकलपटूंना उष्ण हवेत घाम गाळायला लावून नंतर त्यांना सारखाच पिष्टमय आहार दिला. पाणी मात्र एका वेळी थोडे आणि एका वेळी घामाची पूर्ण भरपाई होईल इतके दिले. कमी पाण्यात हे प्रमाण १ : ३ आले, भरपूर पाण्यात १ : १७ पर्यंत गेले. म्हणून १ : ३ ही किमान मर्यादा समजावी आणि वरची बाजू पाणी किती मिळाले यावर अवलंबून आहे असे धरावे, हे प्रस्तुत लेखकाला अधिक पटते. दमट किनाऱ्यावर दिवसभर घामाघूम होऊन संध्याकाळी पोटभर भात व तांब्याभर पाणी घेणाऱ्या माणसाचे वजन रात्रीतून किलो-दीड किलोने हलते, ते यामुळे समजण्यासारखे होते. ३५० ग्रॅ. ग्लायकोजेन भरून निघाले, तर १ : ३ ने ते पाण्यासह १.४ किग्रॅ. भरते; त्यात मेद काहीच नसतो.

उपासानंतरची वाढही याच प्रकारची असते. चतुर्थीच्या किंवा नवरात्राच्या उपासात पिष्टमय पदार्थ खरोखरच कमी घेतले, तर ग्लायकोजेन उतरते आणि मूत्रपिंडे सोडियम व पाणी जास्त सोडतात. उपास सोडून भात सुरू होताच इन्सुलीन वाढते, सोडियम धरून ठेवले जाते आणि उतरलेले वजन परत येते. (साबुदाणा व वरी यांवर केलेल्या उपासात मुळात पिष्टमय पदार्थच जास्त असल्याने हे उतरणे फारसे दिसत नाही.)

मीठ : रक्त व पेशींबाहेरील द्रवाचा खारेपणा साधारण ०.९ टक्के मिठाच्या द्रावणाइतका असतो. म्हणून शरीरात ९ ग्रॅ. जादा मीठ राहिले, तर त्याच्यासोबत सुमारे १ लि. पाणी राहणे अपेक्षित असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसाचे मीठ ५ ग्रॅ. पेक्षा कमी असावे. पावसाळ्यातील मासेमारीबंदीच्या दिवसांत खारा बांगडा, सुकट, जवळा, लोणचे आणि पापड यांवर जेवण चालते. पेजेसोबत भाजलेल्या खाऱ्या बांगड्याचा एक तुकडा तोंडी लावला, की तहान लागते. प्यायलेले पाणी दुसऱ्या दिवशीच्या काट्यावर दिसते. मीठ सर्वांच्या शरीरात एकूण पाणी वाढवतेच असे नाही. २००० मधील एका जर्मन अभ्यासात रक्तद्रव वाढला, परंतु एकूण पाणी वाढले नाही. तरीही रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी जुना हिशेबच धरून चालावे.

पोटातील अन्नाचे वजन ही साधी गोष्ट आहे. ७०० ग्रॅ. जेवण आणि ३०० ग्रॅ. सोलकढी घेतली, तर पानावरून उठताच वजन १ किग्रॅ. जास्त भरते.

मेदाची वाढ : मेद हळूहळू साठतो, पण सहजासहजी उतरत नाही. १९५८ मध्ये मॅक्स विश्नॉफस्की याने मांडलेला १ पौंडास ३,५०० किलोकॅलरी (१ किग्रॅ. ला सुमारे ७,७००) हा हिशेब थोड्या दिवसांसाठी उपयोगी आहे. वर्षानुवर्षांसाठी तो लावला, की चुकतो. कारण वजन वाढले की शरीराचा खर्चही वाढतो. सणांपुरते पाहायचे, तर अमेरिकेत थँक्सगिव्हिंग ते नववर्ष या काळात १९५ प्रौढांचे वजन सरासरी ०.३७ किग्रॅ. वाढले (२००० मध्ये प्रसिद्ध). लोकांना वाटत होते त्यापेक्षा ही वाढ पुष्कळ कमी होती. मात्र पुढे ती उतरली नाही. मोदकांचे २ किग्रॅ. आठवड्यात उतरतात. त्यातून पाव-अर्धा किलो दरवर्षी मागे राहतो आहे का, ते पाहणे महत्त्वाचे.

सारखेच खाऊन एकाच्या अंगी लागते, दुसऱ्याच्या लागत नाही, हा अनुभव खरा आहे. क्लोद बुशार यांच्या कॅनडातील अभ्यासात (१९९०) १२ एकबीज जुळ्या जोड्यांना गरजेपेक्षा रोज १,००० किलोकॅलरी जास्त, असे ८४ दिवस दिले. वाढ सरासरी ८.१ किग्रॅ. झाली, पण कोणाची ४.३ तर कोणाची १३.३ किग्रॅ.; जुळ्या भावांची एकमेकांच्या जवळपास होती. १९९९ मधील अमेरिकन अभ्यासात १६ जणांना आठ आठवडे तितकेच जास्त दिले असता मेदाची वाढ ०.३६ ते ४.२३ किग्रॅ. इतकी वेगवेगळी आली. फरकाचे मुख्य कारण उठबस, चालणे, हातपाय हलवणे अशा व्यायामाबाहेरच्या हालचालींत सापडले. कोकणातील सणाच्या घरात हे डोळ्यांसमोर असते. ओटीवर पाहुणा बसून चौथा मोदक घेतो, तेव्हा उकड मळून शेकडा मोदक वळणारी, विहिरीचे पाणी भरणारी आणि सगळ्यांच्या मागून जेवणारी बाई चुलीपाशी उभीच असते. सणात तिचे वजन उतरूही शकते, आणि त्याची दखल घरात कोणी घेत नाही. ती घेतली गेली पाहिजे.

भारतीयांच्या बाबतीत काट्याचा आकडा आणखी एका कारणाने अपुरा पडतो. पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटनमधील जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचा देहभारांक (वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २२.३; मेद मात्र याज्ञिकांचा २१.२ टक्के आणि युडकिन यांचा ९.१ टक्के. म्हणून भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन मानतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. यांच्या आत असावा असे सुचवितात.

मोजण्याची पद्धत : सकाळी उठल्यावर, शौचानंतर, काही खाण्यापिण्यापूर्वी, त्याच काट्यावर आणि हलक्या कपड्यांत वजन करावे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ठेवलेला काटा किंचित कलतो किंवा दबतो आणि आकडा चुकतो. तोच काटा कोब्यावर किंवा फरशीवर ठेवला, की वेगळा आकडा दाखवितो. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा सात दिवसांची सरासरी विश्वसनीय असते. स्त्रियांमध्ये मासिक पाळीपूर्वी पाणी साठून वजन वाढते. तेव्हा महिन्याच्या त्याच दिवसांची तुलना करावी.

विकृती : भूक वाढून भरपूर खाल्ल्यावरही वजन उतरत असेल, तर मधुमेह किंवा अवटू (थायरॉइड) ग्रंथीचा अतिस्राव यांची तपासणी आवश्यक असते. उलट दोन-तीन दिवसांत २ किग्रॅ. हून अधिक वाढ, पायांवर सूज आणि आडवे झाल्यावर धाप लागणे ही हृदयविकारात पाणी साठल्याची लक्षणे असू शकतात. ती सणाच्या जेवणावर ढकलून थांबू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

उत्तर कोकणात जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांवर ‘अंगी लागणे’ हीच खरी आस असते. तीव्र कुपोषणात अंगाला सूज असलेल्या बालकाला योग्य आहार सुरू केला, की पहिल्या दिवसांत झोळीच्या काट्यावर त्याचे वजन उतरते, कारण सुजेचे पाणी निघून जाते. हे माहीत नसल्यास आई घाबरते आणि उपचार सोडून बाळाला घरी नेण्याचा धोका असतो. सूज ओसरल्यावर भूक परत येते, आहार वाढविता येतो आणि मग वजन चढू लागते. या टप्प्यात दर किग्रॅ. मागे दिवसाला १० ग्रॅ. हून अधिक, म्हणजे ५ किग्रॅ. च्या बाळाला दिवसाकाठी ५० ग्रॅ. हून अधिक वाढ चांगली समजतात.