रायफल नेमबाजीतली अचूकता आणि सातत्य

रायफल नेमबाजीत दोन गोष्टी वेगवेगळ्या बघायच्या असतात आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. गोळी बुलात, म्हणजे टार्गेटच्या मधल्या काळ्या गोलात लागली का, ही झाली अचूकता. सगळ्या गोळ्या एकमेकींच्या जवळ लागल्या का, हे सातत्य, रेंजवर त्याला सगळे ग्रुपिंगच म्हणतात. पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील अशा लागल्या पण बुलापासून चार बोटं डावीकडे, तर काळजीचं काही नाही, बॅकसाइटचे (डोळ्याजवळच्या साइटचे) क्लिक, म्हणजे स्क्रूचे टप्पे, फिरवले की अख्खा ग्रुप सरकून मध्ये येतो. पण गोळ्या टार्गेटभर पसरल्या असतील आणि त्यातली एक नशिबाने दहात (दहा गुणांच्या मधल्या वर्तुळात) गेली असेल तर कुठलाही स्क्रू फिरवून उपयोग नाही. म्हणून एनसीसीच्या पोरांना पॉइंट टू टू (.22 इंच बोअरची) रायफल हातात मिळते तेव्हा आधी ग्रुपिंगच करवून घेतात, मार्कांचं नंतर.

इंदूरला हा विषय तसा घरचाच. बीएसएफचं सेंट्रल स्कूल ऑफ वेपन्स अँड टॅक्टिक्स आणि रेवती रेंज इथेच आहे, आणि जवळच्या महूला इन्फन्ट्री स्कूल आणि आर्मी मार्क्समनशिप युनिट. टोकियो आणि पॅरिस दोन्ही ऑलिंपिक खेळलेला रायफलवाला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर शेजारच्या खरगोन जिल्ह्यातला. 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायच्या प्रकाराचं) कांस्य मात्र कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने घेतलं, फायनलचा स्कोर 451.4, तेव्हा इथल्या मराठी घरांनी तोही आपलाच म्हणून टाकला.

फौजेतले उस्ताद तीन उसूल पाठ करवतात: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त (म्हणजे नेम धरणं), सही ट्रिगर ऑपरेशन. बाकी सगळं याच्याच पोटात येतं. पकड मजबूत म्हणजे आवळून धरणं नव्हे, हा गैरसमज फार आहे. रायफलचा भार हाडांवर जायला पाहिजे, स्नायूंवर नाही, कारण स्नायू थकतो आणि थरथरतो. पोझिशन घेऊन डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडून बघायचं की साइट कुठे गेली. बुलावरून हटली असेल तर हाताने ओढून आणायची नाही, सगळं शरीरच थोडं फिरवायचं (प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून मारताना, पोट तसंच ठेवून पाय सरकवले तरी चालतं). हाताने ओढून मारलेली गोळी ट्रिगर सुटताच परत त्याच बाजूला पळते, आणि दर वेळी ओढ कमीजास्त होते म्हणून ग्रुप फाटतो. गाल बटावर (रायफलच्या खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागावर) दर वेळी त्याच जागी टेकला पाहिजे, खांद्यातली जागाही तीच. रायफल एका बाजूला कलली तर गोळी त्याच बाजूला आणि थोडी खाली जाते.

शिस्तीत नजर फोरसाइटवर (नळीच्या टोकाच्या साइटवर) ठेवायची, टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल. हिशोब करून बघा: दोन साइटमधलं अंतर 60 सेंमी धरलं आणि फोरसाइट फक्त 1 मिमी इकडेतिकडे झाली, तर 25 मीटरवर गोळी 4 सेंमीच्या वर सरकते. हात थोडा हलतोय याने त्या मानाने कमी बिघडतं. श्वास अर्धा सोडून थांबायचं, सहा-आठ सेकंदात गोळी गेली नाही तर रायफल खाली, कारण पुढे नजर धूसर व्हायला लागते आणि मग माणूस घाई करतो. ट्रिगर झटकणं हा सगळ्यात मोठा शत्रू, आणि तो धमाक्याच्या भीतीतून येतो, त्यावर ड्राय प्रॅक्टिसच (गोळी न भरता सराव) करावी लागते.

माणूस सोडला तर नंबर गोळीचा. पॉइंट टू टूची मॅच गोळी साधारण 330 मीटर प्रति सेकंदाने निघते, मुद्दाम आवाजाच्या वेगाखाली ठेवलेली, कारण तो वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डगमगते. दोन गोळ्यांच्या वेगात 10 मीटरचा फरक पडला तरी 50 मीटरवर ढोबळ हिशोबाने 7 मिमी वर-खाली होतं, आणि तिथलं दहाचं वर्तुळच 10.4 मिमीचं! म्हणून मोठे नेमबाज आपल्या बॅरलवर गोळ्यांचे वेगवेगळे लॉट (एकत्र बनवलेल्या गोळ्यांचे गट) मारून बघतात आणि जो जमला त्याचीच पेटी भरून घेतात. तेल लावून ठेवलेल्या बॅरलची पहिली गोळी भलतीकडे जाते, तेव्हा आधी चिंदीने कोरडी करा आणि ती गोळी हिशोबात धरू नका. लाकडी बट पावसाळ्यात फुगतो, स्क्रू ढिले झालेत का बघायला हवं.

वारा मोकळ्या रेंजवर. इंदूरला मे-जूनमध्ये पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, शिवाय दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते आणि दुर्बिणीतून टार्गेट पाण्यात असल्यासारखं दिसतं. त्या लहरी कुठे वाहतात त्यावरून वारा वाचता येतो, पण झेंडा आणि लहर दोन्ही बघून. वारा सारखा असेल तर क्लिक देऊन टाका, सारखा बदलत असेल तर ठरवलेल्या वाऱ्याची वाट बघा, वेळ असतो. ढग आला-गेला की बुलाची कडा वेगळी भासते आणि ग्रुप थोडा वर-खाली होतो.

10 मीटर एअर रायफलला हॉलच्या आत वाऱ्याचा प्रश्नच नाही. पण तिथे दहाचा ठिपका अर्धा मिमीचा, छर्रा 4.5 मिमीचा, आणि तो छर्रा पॉइंट टू टूच्या गोळीपेक्षा हळू निघतो, त्यामुळे ट्रिगर दाबल्यावरही एक क्षण तसंच धरून राहावं लागतं. नवीन पोरं नेमकी तिथेच मान उचलून स्क्रीनवर स्कोर बघतात.