अतिक्रांतिक द्रायूने सूक्ष्मशैवालांतील रंगद्रव्यांचे निष्कर्षण

सूक्ष्मशैवालांच्या पेशींत साठलेली नैसर्गिक रंगद्रव्ये, विशेषतः कॅरोटिनॉइडे (पिवळी, नारिंगी व लाल रंगद्रव्ये), क्रांतिक तापमान व क्रांतिक दाब (ज्यांच्या पलीकडे द्रव व वायू असा भेद उरत नाही) या दोन्ही मर्यादांपलीकडे नेलेल्या द्रायूत (प्रवाही पदार्थात) विरघळवून वेगळी काढण्याच्या पद्धतीला अतिक्रांतिक निष्कर्षण म्हणतात. यासाठी बहुधा कार्बन डाय-ऑक्साइड वापरतात. ३१.१° से. आणि सुमारे ७४ बार (१ बार म्हणजे जवळजवळ हवेच्या नेहमीच्या दाबाइतका दाब) यांच्या पलीकडे तो द्रवासारखा विरघळवतो आणि वायूसारखा बारीक छिद्रांत शिरतो. दाब उतरवताच तो वायू होऊन निघून जातो व रंगद्रव्य मागे राहते. हेक्झेनसारख्या रासायनिक विद्रावकाचा (विरघळवणाऱ्या द्रवाचा) अंश त्यात उरत नाही, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण होय.

मराठवाड्यात उन्हाळ्यात दुपारचे तापमान ४०° से.पलीकडे जाते, त्यामुळे तापमानाची अट तेथे आपोआप पुरी होते असे वाटेल. परंतु पंपात शिरण्यापूर्वी हा वायू द्रवरूप असावा लागतो आणि ३१.१° से.च्या वर कितीही दाब दिला तरी तो द्रवरूप होत नाही, म्हणून तोच उन्हाळा शीतकरणाचा खर्च वाढवतो. निष्कर्षणाचा दाब सामान्यतः २०० ते ४०० बार असतो.

ड्युनालिएला सलायना या खाऱ्या पाण्यातील शैवालाला कठीण पेशीभित्ती नसल्याने त्यातील बीटा-कॅरोटिन सहज सुटते. हिमॅटोकॉकस या दुसऱ्या सूक्ष्मशैवालाच्या लाल कोष्ठांची (सुप्तावस्थेतील पेशींची) भित्ती मात्र जाड असते. ती आधी फोडल्याशिवाय ॲस्टाझँथिन हे त्यातील लाल कॅरोटिनॉइड पुरेसे हाती येत नाही, आणि ते अधिक मिळावे म्हणून द्रायूत थोडे इथेनॉल मिसळतात. स्पिरुलिना या नीलहरित शैवालातील फायकोसायनिन हे निळे रंगद्रव्य प्रथिनाशी जोडलेले व पाण्यात विरघळणारे असल्याने त्यासाठी ही पद्धत निरुपयोगी ठरते; तेथे साधे पाणीच पुरते.

लातूर, धाराशिव, बीड या जिल्ह्यांतील साखर कारखान्यांमुळे मराठवाड्याच्या दृष्टीने एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मळीच्या किण्वनात (आंबवण्यात) इथेनॉल व कार्बन डाय-ऑक्साइड वजनाने जवळजवळ सारख्याच प्रमाणात निर्माण होतात, म्हणजे या पद्धतीला लागणारा वायू आणि त्यात मिसळायचे इथेनॉल एकाच टाकीतून मिळू शकतात; वायू अर्थात शुद्ध करून घ्यावा लागतो.

खरी अडचण पाण्याची आहे. शैवाल वाढवण्याच्या उघड्या तळ्यांतून बाष्पीभवन फार होते व उरलेल्या पाण्यातील क्षार वाढत जातात. ड्युनालिएलाला वाढते क्षार सोसतात, किंबहुना प्रखर ऊन व क्षारता यांमुळे तिच्यातील कॅरोटिन वाढतेच. परंतु वापरून झालेले खारे पाणी भोवतालच्या काळ्या जमिनीत सोडता येत नाही, कारण सोडियममुळे तिची घडण बिघडते व पाणी मुरेनासे होते.