ताऱ्यांचा उजेड मोजायचा कशाने?

ताऱ्याचा फोटो काढला, पिक्सेलमध्ये जमलेला उजेड मोजला, की काम झालं असं वाटतं. पण त्या आकड्यात तारा एकटा नसतो. मधली हवा, आरशावरची धूळ, कॅमेऱ्याच्या कोपऱ्यातला मंदपणा, सगळं त्यात मिसळलेलं असतं. नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. मे महिन्यात धुरळ्याने पांढुरक्या झालेल्या आभाळातला अभिजित आणि पाऊस पडून गेल्यावर धुतल्या आभाळातला अभिजित सारखा दिसत नाही. तारा मात्र तोच.

२०२४ साली पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातल्या पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा मान मिळाला. तिथे शहराच्या दिव्यांचा झगमगाट नाही, पण हवा आहेच. क्षितिजापासून ३० अंशांवरच्या ताऱ्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्यापेक्षा दुप्पट हवेतून येतो आणि वाटेत जास्त गळतो.

आकाश सर्वेक्षणांना ही गळती १ टक्क्यापर्यंत अचूक कळावी लागते. विश्वाचं प्रसरण वेग घेत आहे हे १९९८ मध्ये समजलं, ते दूरचे अतिनवतारे (स्फोट होऊन प्रचंड उजळणारे तारे) अपेक्षेपेक्षा सुमारे २० ते २५ टक्के मंद, म्हणजे अपेक्षेहून जास्त दूर, दिसले म्हणून. आता प्रश्न त्याहून नाजूक आहे: प्रसरणाचा वेग वाढवणारी कृष्ण ऊर्जा काळानुसार बदलते का? जवळचे अतिनवतारे एका दुर्बिणीने मोजले, दूरचे दुसरीने, आणि दोन्हींच्या मापात एक-दोन टक्क्यांचा फरक राहिला, तर तो फरकच कृष्ण ऊर्जेचा गुण वाटू शकतो.

जुनी रीत अशी: तेजस्विता आधीच ठरलेले मोजके प्रमाण तारे अधूनमधून बघायचे आणि बाकीचे त्यांच्याशी ताडायचे. पण तेवढ्यात हवा बदलते. स्लोन या आकाश सर्वेक्षणाच्या कॅमेऱ्याने आकाशाच्या लांबलचक पट्ट्या टिपल्या होत्या. २००८ मध्ये खगोलज्ञ निखिल पद्मनाभन आणि सहकाऱ्यांनी या साऱ्या नोंदी एकत्र सोडवल्या. शेजारच्या पट्ट्यांच्या कडा एकमेकींवर थोड्या येतात, शिवाय त्यांना छेदणाऱ्या आडव्या पट्ट्याही मुद्दाम घेतल्या होत्या. म्हणजे असंख्य तारे दोनदा-तीनदा मोजले गेले.

समजा, सामाईक भागातले सगळे तारे दुसऱ्या रात्री सरासरी ८ टक्के मंद आले. इतके तारे एकाच वेळी मंदावत नाहीत, तेव्हा दोष त्या रात्रीच्या हवेचा किंवा यंत्राचा. तारा कॅमेऱ्याच्या मध्यावर एक आकडा देतो आणि कोपऱ्यात दुसरा, तर दोष कोपऱ्याचा. एकटा तारा बदलला, बाकीचे जागच्या जागी, तर मात्र तो खराच बदलणारा तारा! अशा मोजमापांची लाखो समीकरणं न्यूनतम वर्ग पद्धतीने, म्हणजे उरलेल्या तफावतींच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल अशी, एकदम सोडवली जातात. कॅमेऱ्याच्या बहुतेक रंगांच्या फिल्टरांत चूक सुमारे १ टक्क्यावर आली.

आपल्या झिरो माइलजवळ १९०७ चा उंचीचा प्रमाणबिंदू आहे. अशा बिंदूंमधून उंची मोजत जाणारे भूमापक फिरून मूळ जागी येतात आणि उरलेली तफावत साऱ्या वाटेवर वाटून देतात. मला या दोन कामांत सख्खं नातं दिसतं. उणीवही सारखीच. आपसात सगळं जुळलं तरी अख्खं माप एकसारखं सरकलेलं असू शकतं. भूमापकाला त्यासाठी समुद्रसपाटी लागते, खगोलज्ञाला श्वेत बटू, म्हणजे इंधन संपून आकसलेले तारे. ज्यांच्या वातावरणात निव्वळ हायड्रोजन आहे अशा श्वेत बटूंचा प्रकाश कसा असेल, हे भौतिकशास्त्रातून काढता येतं. हबल दुर्बिणीने ते हवेच्या वरून मोजले आहेत.

चिलीतल्या रुबिन वेधशाळेची मुख्य दुर्बीण ८.४ मीटरची. तिच्या शेजारी १.२ मीटरची दुसरी दुर्बीण उभी केली आहे, आणि तिचं काम एकच: त्या रात्रीची हवा तपासणं. बाष्प किती, धूळ किती.

साध्या डोळ्यांनी बघणाऱ्यालाही यातलं थोडं करता येतं. २०२० च्या सुरुवातीला मृगातला काक्षी चांगलाच मंदावला होता. तो पुन्हा मंदावतोय असं वाटलं, तर रोहिणी आणि प्रश्वा या ताऱ्यांशी ताडून बघा. फक्त काक्षी आणि ज्याच्याशी ताडायचं तो तारा क्षितिजापासून जवळपास सारख्याच उंचीवर असताना.