चंदीतली पुडी: घोड्याच्या वेदनाशामकांची पार्श्वभूमी

लंगडणाऱ्या घोड्याच्या चंदीत पांढऱ्या भुकटीची पुडी कालवायची आणि दुसऱ्या दिवशी तो नीट पावलं टाकतोय म्हणून समाधान मानायचं, ही रीत जगभरच्या तबेल्यांत गेली सत्तरेक वर्षं चालत आली आहे. पुडीतलं औषध बहुतेक वेळा फेनिलब्युटाझोन असतं. इंग्लंड-अमेरिकेतले घोडेवाले त्याला नुसतं 'ब्यूट' म्हणतात. त्याच्या जोडीला पुढे फ्लुनिक्सिन आलं, केटोप्रोफेन आणि मेलॉक्सिकॅम आलं. आपल्याकडे तर माणसांच्या दुकानातलं डायक्लोफिनॅकही जनावरांपर्यंत पोचलं. ही सगळी एकाच कुळातली, सूज आणि वेदना उतरवणारी औषधं. पशुवैद्याला न विचारता ती देण्यात काही वावगं आहे, असं भल्याभल्या, घोड्यावर जीव लावणाऱ्या माणसांनाही वाटत नाही. ते का वाटत नाही, याचं उत्तर या औषधांच्या इतिहासात आहे.

या औषधांच्या आधीचा काळ थोडक्यात सांगतो. आपल्याकडे घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणत. अश्वचिकित्सेचा आद्य आचार्य मानल्या गेलेल्या शालिहोत्राच्या नावावरून तो शब्द आला. सुजलेल्या पायाला शेक द्यायचा, लेप लावायचा, वाहत्या पाण्यात उभं करायचं आणि मुख्य म्हणजे घोडा ठाणावर बांधून ठेवायचा, असे उपाय होते. दुखणं पुसून टाकणारं फारसं काही हाताशी नव्हतं. त्यामुळे एक गोष्ट आपोआप होत असे. दुखतंय म्हणून घोडा पाय टेकत नसे आणि पाय टेकत नाही म्हणून त्याला कोणी कामाला लावत नसे. दुखणंच त्याला विश्रांती मिळवून देत होतं. १८९९ मध्ये बाजारात आलेल्या ॲस्पिरिननंही यात मोठा फरक पडला नाही, कारण घोड्याचं शरीर ते फार झपाट्यानं बाहेर टाकतं.

फरक पडला तो स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरातल्या गायगी कंपनीच्या औषधानं, आणि तोही काहीसा अपघातानं. १९४० च्या दशकात तिथले रसायनतज्ज्ञ अमिनोपायरिन नावाचं जुनं वेदनाशामक इंजेक्शनातून देता यावं म्हणून खटपट करत होते. ते नीट विरघळावं यासाठी त्यात जोडीदार म्हणून एक आम्लधर्मी पदार्थ घातला गेला. पुढे लक्षात आलं की मूळ औषधापेक्षा हा जोडीदारच रक्तात जास्त काळ टिकतो आणि सूजही उतरवतो. तो जोडीदार म्हणजे फेनिलब्युटाझोन. १९४९ पासून ते संधिवात आणि गाउटच्या रुग्णांना दिलं जाऊ लागलं.

माणसांमधला त्याचा सुवर्णकाळ टिकला नाही. काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी अचानक नाहीशा होऊ लागल्या, काहींच्या अस्थिमज्जेनं रक्त बनवणंच थांबवलं. हे थोड्यांच्याच बाबतीत घडत होतं, पण कोणाच्या बाबतीत घडेल ते आधी सांगता येत नव्हतं. अनेक देशांनी हळूहळू त्यावर निर्बंध घातले. ब्रिटनमध्ये १९८४ पासून ते मणक्याच्या एका विशिष्ट संधिवातापुरतं उरलं. माणसांच्या कपाटातून औषध असं बाहेर पडत होतं, तेव्हा घोड्यांच्या पागेत ते केव्हाच घर करून बसलं होतं.

घोड्यांना ते १९५० च्या दशकापासून दिलं जात होतं. ते स्वस्त होतं, तोंडावाटे देता येत होतं आणि परिणाम डोळ्यांनी दिसत होता. इथे एक तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. माणसाच्या रक्तातलं फेनिलब्युटाझोन निम्मं व्हायला तीनेक दिवस लागतात, तर घोड्याच्या रक्तात पाच-सहा तास. औषध तेच, पण दोन शरीरांतला त्याचा प्रवास इतका वेगळा. माणसाच्या मात्रेला वजनानं गुणून घोड्याची मात्रा काढणारा हिशेब इथेच कोसळतो, तरी तो आजही अनेकांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे.

या औषधाचं नाव घोड्यांच्या जगाबाहेर पोचलं ते ४ मे १९६८ च्या केंटकी डर्बी या अमेरिकेतल्या नामांकित घोडशर्यतीमुळे. डान्सर्स इमेज नावाचा करड्या रंगाचा घोडा अगदी मागून येऊन ती शर्यत जिंकला. त्याच्या पायांच्या सांध्यांचं दुखणं जुनंच होतं. शर्यतीच्या सहा दिवस आधी पशुवैद्यानं त्याला फेनिलब्युटाझोन दिलं होतं. तोवर ते अंगातून निघून गेलं असेल, असा मालकाच्या बाजूचा समज होता. शर्यतीनंतरच्या लघवीच्या तपासणीत ते सापडलं, पहिल्या क्रमांकाचं बक्षीस काढून फॉरवर्ड पास या घोड्याला देण्यात आलं आणि मालक पीटर फुलर यांनी पुढे कित्येक वर्षं कोर्टात लढूनही निकाल फिरला नाही.

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्याच्यानंतर जे झालं ते. हे औषध घातक आहे का, हा प्रश्न मागेच पडला आणि वाद ते शर्यतीच्या दिवशी चालावं की नाही एवढ्यापुरता उरला. केंटकीनं आणि अमेरिकेतल्या इतर बऱ्याच राज्यांनी १९७० च्या दशकात त्याला परवानगी दिली. डर्बीच्या मैदानावर चालतं ते आपल्या तबेल्यात का चालू नये, असं सामान्य घोडेमालकाला वाटलं तर त्याला दोष कसा द्यायचा? खोगिरांच्या खोलीतल्या फळीवर, खरारा आणि नालांच्या खिळ्यांशेजारी, ब्यूटचा डबा दिसू लागला. पशुवैद्यानं एका दुखण्यासाठी लिहून दिलेल्या पुड्या उरत, त्या पुढच्या दुखण्याला वापरल्या जात, मग शेजाऱ्याच्या घोड्याला दिल्या जात.

गंमत नव्हे, गंभीर बाब ही, की त्या डर्बीपर्यंत हे औषध काम कसं करतं हेच कोणाला ठाऊक नव्हतं. ते १९७१ मध्ये कळलं. लंडनमध्ये जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं की ॲस्पिरिनसारखी औषधं शरीरातलं प्रोस्टाग्लँडिन तयार होणं रोखतात. या कामासाठी त्यांना १९८२ मध्ये दोन स्वीडिश शास्त्रज्ञांसोबत नोबेल पारितोषिक मिळालं. प्रोस्टाग्लँडिनमुळे सूज येते आणि दुखणं वाढतं, म्हणून ते रोखलं की आराम पडतो. पण तेच प्रोस्टाग्लँडिन जठराचं अस्तर सांभाळतं, आतड्याच्या भिंतीला रक्त पुरवतं, आणि शरीरात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडातला रक्तप्रवाह चालू ठेवतं. ज्या नळातून दुखणं येत होतं तो बंद केला, तर याच नळावर जगणाऱ्या बाकीच्यांचंही पाणी तुटतं.

घोड्याच्या बाबतीत हे जास्तच बोचतं. त्याचं जठर दिवसभर, पोट रिकामं असतानाही, आम्ल पाझरत असतं. त्याला उलटी होत नाही. मोठ्या आतड्याचा उजवीकडचा वरचा भाग या औषधांपुढे विशेष दुबळा ठरतो. तिथे व्रण पडले की रक्तातलं प्रथिन आतड्यात गळू लागतं, मग पोटाखाली सूज, पातळ लीद, बारीकसारीक पोटदुखी आणि खंगत जाणं सुरू होतं. घाम गाळून आलेल्या, पाणी न प्यायलेल्या घोड्याचं मूत्रपिंड आधीच तंगीत असतं. नेमक्या त्याच वेळी, दिवसभराच्या कामानंतर पाय दुखतोय म्हणून, पुडी दिली जाते.

हे सगळं समोर यायला १९७० चं दशक संपत आलं. ग्लासगोच्या पशुवैद्यकीय संशोधकांनी तट्टांना किलोमागे दररोज साधारण १० मिलिग्रॅम फेनिलब्युटाझोन दिलं आणि त्यांतली अनेक तट्टं दगावली. पाठोपाठ अमेरिकेतल्या संशोधकांना किलोमागे ८.८ मिलिग्रॅमच्या आसपासच्या मात्रेतही, ती रोज चालू ठेवल्यावर, जठराचे व्रण आणि प्रथिनांची घट दिसली. आता यासमोर त्या काळच्या अमेरिकी वेष्टनावरची कमाल मात्रा ठेवून पाहा: दिवसाला ४ ग्रॅम. साडेचारशे किलोच्या घोड्यासाठी हा हिशेब किलोमागे जवळजवळ ९ मिलिग्रॅम होतो. दोनशे किलोच्या तट्टाला कोणी तेवढंच दिलं, तर २०. म्हणजे वेष्टन वाचून, प्रामाणिकपणे, कमाल मात्रा रोज देणारा मालक घोड्याला इजेच्या उंबरठ्यावर नेत होता, आणि लहान तट्टाचा मालक तो उंबरठा ओलांडून पुढे गेलेला होता. त्यानंतर पशुवैद्यांनी मात्रा खाली आणल्या. आज सर्वसाधारण पद्धत अशी की पहिल्या दिवशी जास्त आणि मग लवकरात लवकर निम्मी, तीही घोड्याचं वजन, वय आणि पाण्याची स्थिती पाहून. फळीवरच्या डब्यापर्यंत आणि तोंडी चालत आलेल्या सल्ल्यापर्यंत ही दुरुस्ती पोचायला मात्र फार वेळ लागला.

चंदीत किंवा वैरणीत मिसळण्याच्या रीतीतही एक फसगत आहे. हे औषध सुक्या गवताला चिकटून बसतं आणि पुढे मोठ्या आतड्यात सुटतं. भरल्या पोटी दिलेल्या मात्रेचा परिणाम त्यामुळे बराच उशिरा दिसू शकतो. संध्याकाळपर्यंत फरक नाही म्हणून मालक दुसरी पुडी देतो. किंवा दुसऱ्याच नावाचं औषध देतो, 'हे वेगळं आहे' अशा समजुतीनं. एकाच कुळातली दोन औषधं एकत्र दिली तर आतड्याची आणि प्रथिनांची हानी वाढते, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं. अनेकांना सौम्य वाटणारं सुक्सिब्युझोनही घोड्याच्या अंगात गेल्यावर फेनिलब्युटाझोनच बनतं.

पोटशुळाची गोष्ट याहून निकडीची. १९७० च्या दशकात आलेलं फ्लुनिक्सिन घोड्याच्या पोटदुखीवर फार गुणकारी ठरलं आणि अनेक घोडी त्यामुळे वाचली, हे आधी सांगायला हवं. पण पोटशूळ म्हणजे एक आजार नव्हे. साधा वायू असेल तर घोडा थोड्या वेळात सावरतो. आतड्याला पीळ पडला असेल तर शस्त्रक्रियेला हाताशी मोजके तास असतात. या दोन्हींत फरक कसा करायचा? नाडीचा वेग, हिरड्यांचा रंग, आतड्यांचे आवाज, नाकातून नळी घातल्यावर काय परत येतं, गुदद्वारातून हाताला काय लागतं, आणि वेदना परत येते की नाही. आधीच इंजेक्शन देऊन ठेवलं की यातल्या अनेक खुणा पुसट होतात. घोडा शांत उभा राहतो, मालकाला हायसं वाटतं, आत पीळ आवळत जातो. जवळ पशुवैद्य नाही आणि जनावर लोळतंय, अशा वेळची माणसाची अगतिकता मी समजू शकतो. पण तेव्हाही आधी फोन आणि मग सुई, हा क्रम जीव वाचवू शकतो.

सुईचंही थोडक्यात. फेनिलब्युटाझोन शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस कुजून गळतं. मानेतल्या शिरेच्या तळाशीच मेंदूकडे जाणारी धमनी असते, सुई तिच्यात गेली तर घोडा जागच्या जागी कोसळू शकतो. फ्लुनिक्सिन स्नायूत टोचलं तर क्वचित पण जीवघेणा जंतुसंसर्ग होतो, स्नायू सडतो.

युरोपात हा विषय पुन्हा गाजला तो २०१३ मध्ये, आणि तेही घोड्याच्या काळजीपोटी नव्हे. गोमांस म्हणून विकल्या गेलेल्या पदार्थांत घोड्याचं मांस सापडल्यावर ब्रिटनमध्ये कत्तल झालेल्या २०६ घोड्यांची तपासणी झाली. त्यांतल्या ८ मध्ये ब्यूट निघालं. तिथल्या नियमानुसार ब्यूट दिलेला घोडा कायमचा अन्नसाखळीबाहेर जातो आणि तशी नोंद त्याच्या पासपोर्टवर, म्हणजे घोड्याच्या ओळखपत्रावर, करावी लागते. ब्रिटनच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी माणसांना धोका अगदी कमी असल्याचं सांगितलं. पण कुठलीही नोंद नसलेल्या घोड्यांच्या अंगात हे औषध फिरत होतं, एवढं त्या आठ घोड्यांनी दाखवून दिलं.

भारतातला धडा घोड्यानं नव्हे, गिधाडानं दिला. १९९० च्या दशकात गुराढोरांना डायक्लोफिनॅक सर्रास दिलं जाऊ लागलं. मेलेल्या जनावराचं मांस खाल्लेली गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मरत आहेत, हे २००४ मध्ये पाकिस्तानातल्या अभ्यासातून सिद्ध झालं. पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. रायगड जिल्ह्यातल्या चिरगावसारख्या मोजक्या वसाहती राखायला गावकऱ्यांना आणि पक्षीप्रेमींना किती कष्ट पडले, ते कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. २००६ मध्ये सरकारनं जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. तरी वापर थांबेना, कारण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या औषधाच्या दुकानात मिळतच होत्या आणि चिठ्ठीशिवाय गोठ्या-तबेल्यांत जात होत्या. शेवटी २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनचा आकारच ३ मिलिलिटरपुरता मर्यादित करावा लागला. मोठ्या जनावराला एवढं पुरत नाही, हा त्यामागचा विचार. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही जनावरांपुरती बंदी आली.

गिधाडांना सुरक्षित म्हणून आता मेलॉक्सिकॅम सुचवलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण गिधाडासाठी सुरक्षित याचा अर्थ दमलेल्या, तहानलेल्या घोड्याच्या मूत्रपिंडासाठी सुरक्षित असा होत नाही. गाईसाठी ठरलेली मात्रा घोड्याला लागू पडते असंही नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ सालचा आहे आणि जनावरांवर उपचार कोणी करायचे हे त्यात ठरवून दिलेलं आहे. पण डोंगरातल्या पायवाटेवर, वीटभट्टीवर किंवा वरातीच्या गर्दीत राबणाऱ्या घोड्याजवळ तो नोंदणीकृत पशुवैद्य वेळेवर पोचतो का, हे त्या कायद्याच्या हातात नाही. तिथे औषधाचं दुकानच जवळ असतं.

पोटशुळानं लोळणाऱ्या घोड्याजवळ पोचलेला अनुभवी पशुवैद्य कानाला नळी लावण्याआधी मालकाला विचारतो: काय दिलंत, किती दिलंत, किती वाजता? ओरडा बसेल या भीतीनं पुष्कळदा 'काही नाही' असं उत्तर मिळतं. रिकामी पुडी किंवा फोडलेली बाटली खिशातून काढून त्याच्या हातात दिली, तर समोरच्या शांत घोड्याकडे तो वेगळ्या नजरेनं बघतो, हिरड्या पुन्हा एकदा तपासतो, आणि शस्त्रक्रियेसाठी न्यायचं की थांबायचं हे ठरवताना तेवढा वेळ हिशेबात धरतो.