क्लाउडमधील स्टॅटिक फाइलींचे सीडीएनद्वारे वितरण

संकेतस्थळाची चित्रे, स्टाइलशीट, जावास्क्रिप्ट, फाँट, पीडीएफ, चित्रफितींचे तुकडे अशा फाइली क्लाउड कंपनीच्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (प्रत्येक फाइल तिच्या नावाने ठेवणाऱ्या साठ्यात) ठेवून वाचकाला त्या जगभर पसरलेल्या कॅश (फाइलींच्या प्रती काही काळ ठेवणाऱ्या) सर्व्हरांच्या जाळ्यातून पुरवण्याची पद्धत. या जाळ्याला कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क किंवा सीडीएन म्हणतात. मूळ साठा तो ओरिजिन आणि वाचकाजवळचा सर्व्हर तो एज. मागणारा कोण आहे यावर जिचा मजकूर अवलंबून नसतो, ती स्टॅटिक फाइल. एकदा तयार करून ठेवलेले बातमीचे पान त्यामुळे स्टॅटिक ठरते, बँक खात्याचे पान ठरत नाही.

गरज निर्माण होते ती अंतरामुळे. मुंबई आणि अमेरिकेतील व्हर्जिनिया यांच्यातील सरळ अंतर सुमारे १३,००० किमी. आहे. प्रकाशीय तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किमी. जातो, म्हणजे एका जाण्यायेण्याला किमान १३० मिलीसेकंद लागतात. समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात जास्तच. टीसीपी जोडणीसाठी एक फेरी, टीएलएस १.३ च्या सुरक्षित जोडणीसाठी दुसरी आणि खुद्द मागणीसाठी तिसरी धरली, तर फाइलचा पहिला बाइट हाती येईपर्यंत ४०० मिलीसेकंद सहज उलटतात. सर्व्हरची ताकद वाढवून हा वेळ कमी होत नाही; प्रत जवळ आणूनच होतो.

उगम : कॅशची कल्पना सीडीएनपेक्षा जुनी आहे. सर्न या युरोपीय अणुसंशोधन संस्थेच्या वेब सर्व्हरमध्ये १९९४ च्या सुमारास प्रॉक्सी कॅशची, म्हणजे वाचकांच्या वतीने फाइली आणून त्यांची प्रत ठेवणाऱ्या मध्यस्थाची, सोय होती. त्याच काळात अमेरिकेत हार्वेस्ट हा संशोधन प्रकल्प चालू होता आणि त्याच्या कॅशमधूनच १९९६ मध्ये स्क्विड हे आजही वापरात असलेले सॉफ्टवेअर निघाले. पण हे कॅश विद्यापीठे किंवा इंटरनेट सेवादार आपल्या वाचकांसाठी बसवत. फाइल प्रसिद्ध करणाऱ्याचा त्यांवर ताबा नव्हता आणि त्यांचा खर्चही त्याच्याकडे नव्हता. सीडीएनने ही मांडणी उलटी केली. कॅश प्रकाशकाच्या पैशाने आणि प्रकाशकाच्या नियमांनी चालू लागले.

हे प्रथम कोणी केले याबाबत दोन बाजू मांडल्या जातात. लोकप्रिय लेखनात बहुधा अकामाईचेच नाव येते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील टॉम लेटन आणि त्यांचे विद्यार्थी डॅनियल लेविन यांनी ही कंपनी १९९८ मध्ये स्थापन केली. तिची व्यापारी सेवा १९९९ मध्ये सुरू झाली. तिच्यामागचा सिद्धांत १९९७ च्या एका शोधनिबंधात आला होता. डेव्हिड कार्गर, एरिक लेहमन, लेटन, रिना पाणिग्रही, मॅथ्यू लेव्हिन आणि लेविन हे त्याचे लेखक. निबंधातील कन्सिस्टंट हॅशिंग हे तंत्र थोडे विस्ताराने सांगण्याजोगे आहे. कोणती फाइल कोणत्या कॅश सर्व्हरवर ठेवायची हे ठरवताना फाइलीच्या नावाचा हॅश (अक्षरांवरून गणिताने काढलेला अंक) काढून त्याला सर्व्हरांच्या संख्येने भागणे आणि बाकी घेणे हा सोपा मार्ग होय. पण १० सर्व्हरांचे ११ झाले, की या हिशेबाने ११ पैकी १० फाइलींचे ठिकाण बदलते आणि जवळजवळ सगळा कॅश एका क्षणात निरुपयोगी होतो. कन्सिस्टंट हॅशिंगमध्ये फाइली आणि सर्व्हर या दोहोंना एकाच वर्तुळावर जागा दिली जाते. प्रत्येक फाइल वर्तुळावर पुढे येणाऱ्या पहिल्या सर्व्हरकडे जाते. नवा सर्व्हर आला तर सरासरीने केवळ अकराव्या हिश्श्याच्या फाइली हलतात. हे तंत्र पुढे सीडीएनच्या बाहेर, वितरित डेटाबेसांतही गेले. लेविन ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहृत विमानांपैकी एकात मरण पावले.

दुसरी बाजू कॅलिफोर्नियातील सँडपायपर नेटवर्क्सची. तिची फुटप्रिंट ही सेवा १९९८ मध्येच बाजारात होती आणि तिच्या पेटंटचा अर्ज फेब्रुवारी १९९८ चा आहे, तर लेटन-लेविन यांचा तात्पुरता अर्ज त्याच वर्षीच्या जुलैचा. सँडपायपर १९९९ मध्ये डिजिटल आयलंडमध्ये विलीन झाली, ती कंपनी केबल अँड वायरलेसने घेतली आणि वाद न्यायालयात गेला. अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने २००३ मध्ये अकामाईच्या पेटंटातील काही दावे सँडपायपरच्या आधीच्या कामामुळे अवैध ठरवले. दोन्ही रचनांतला फरक मुख्यतः भार वाटून देणारे सॉफ्टवेअर डीएनएस सर्व्हरवर (संकेतस्थळाच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेवर) असावे की अन्यत्र, एवढाच होता. सिद्धांताचे श्रेय मॅसॅच्युसेट्सच्या गटाला आणि चालत्या सेवेचा अग्रमान सँडपायपरला, ही वाटणी अधिक ग्राह्य वाटते.

याच पेटंटावरून अकामाई व लाइमलाइट ही दुसरी सीडीएन कंपनी यांच्यात चाललेला खटला २०१४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पेटंटातील एक पायरी, म्हणजे कोणत्या फाइली सीडीएनवरून द्यायच्या त्यांवर खूण करणे, लाइमलाइट स्वतः करत नव्हती, तिचे ग्राहक करत. मग उल्लंघन केले कोणी, हा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लाइमलाइटच्या बाजूने लागला, पण २०१५ मध्ये फेडरल सर्किटने थेट उल्लंघनाची व्याख्या रुंदावून तिला जबाबदार धरले.

क्लाउडशी सांगड : सुरुवातीच्या सीडीएन मोठ्या प्रकाशकांशी करार करून चालत. ॲमेझॉनने १४ मार्च २००६ रोजी एस-थ्री ही साठवण सेवा आणि नोव्हेंबर २००८ मध्ये क्लाउडफ्रंट ही सीडीएन सुरू केल्यावर क्रेडिट कार्ड असलेल्या कोणालाही दोन्ही मिळू लागल्या. क्लाउडफ्रंटला आरंभी ओरिजिन म्हणून एस-थ्रीच लागे. क्लाउडफ्लेअर ही सीडीएन २०१० मध्ये आली. एस-थ्रीच्या बकेटमधून (फाइली ठेवायच्या कप्प्यातून) थेट संकेतस्थळ चालवण्याची सोय फेब्रुवारी २०११ पासून आहे.

कार्यपद्धती : वाचकाला जवळच्या एजकडे वळवण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत डीएनएस सर्व्हर विचारणाऱ्याच्या ठिकाणानुसार वेगळा पत्ता देतो. मात्र विचारणारा बहुधा वाचक नसून त्याच्या वतीने पत्ता विचारणारा डीएनएस रिझॉल्व्हर असतो, आणि तो दूरच्या शहरात असेल तर निवड चुकते. वाचकाच्या पत्त्याचा काही भाग पुढे कळवणारी ईडीएनएस क्लायंट सबनेट ही सोय त्यासाठीच आहे. दुसरीत, म्हणजे एनीकास्टमध्ये, एकच पत्ता अनेक ठिकाणांहून जाहीर होतो आणि इंटरनेटचे राउटिंगच वाट ठरवते.

एजवर प्रत असेल तर ती लगेच दिली जाते, यास कॅश हिट म्हणतात. नसेल तर एज ती ओरिजिनकडून आणून देतो आणि स्वतःकडेही ठेवतो. प्रत ओळखली जाते ती कॅश कीवरून. तिच्यात सर्व कुकी आणि पत्त्यातील प्रश्नचिन्हापुढची सर्व अक्षरे घेतली, तर एकाच चित्राच्या हजारो प्रती साठतात आणि हिटचे प्रमाण कोसळते. स्टॅटिक फाइलींसाठी की जितकी तोकडी तितकी बरी.

बकेट आणि सीडीएन जोडताना काही अडचणी हमखास येतात. एस-थ्रीचा संकेतस्थळासाठीचा पत्ता फक्त एचटीटीपीवर चालतो. स्वतःच्या डोमेनवर एचटीटीपीएस हवे तर पुढे सीडीएन लागतेच. बकेट सर्वांना खुली न ठेवता केवळ सीडीएनला वाचू देणे हा आज रूढ झालेला मार्ग आहे. क्लाउडफ्रंटमध्ये त्यासाठी २०२२ पासून ओरिजिन ॲक्सेस कंट्रोल आहे आणि एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटी मुळातच बंद असतात. पण या बंद मार्गाने गेल्यास उपफोल्डरातील इंडेक्स पान आपोआप मिळत नाही, कारण एस-थ्रीत फोल्डर नसतातच, असतात ती फक्त लांबलचक नावे. तसेच यादी पाहण्याची परवानगी दिलेली नसेल, तर नसलेल्या फाइलीसाठी ४०४ (सापडली नाही) ऐवजी ४०३ (परवानगी नाही) हे उत्तर येते आणि शोधणारा भलतीकडेच भटकतो.

देवनागरी नावांच्या फाइलींचा प्रश्न इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा येत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, पत्त्यात त्याची ९ अक्षरे होतात. एस-थ्रीत नावाची मर्यादा १,०२४ बाइट आहे, म्हणजे काना-मात्रा वेगळ्या मोजून ३४१ चिन्हे. अधिक फसवे प्रकरण ‘ऱ’ चे. युनिकोडमध्ये ते एका चिन्हाने लिहिता येते किंवा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन चिन्हांनीही. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल प्रणाली नावे सुट्या रूपात साठवत असे. तिथून चढवलेली ‘सुऱ्या’ नावाची फाइल आणि पानात टंकलेला तोच दुवा डोळ्यांना सारखे दिसतात, पण साठ्याच्या लेखी ती दोन निराळी नावे. फाइलींची नावे रोमन अक्षरे व अंकांत ठेवण्याचा सल्ला म्हणूनच दिला जातो.

प्रतींचे आयुष्य : प्रत किती काळ ताजी मानायची हे ओरिजिनकडून येणारा कॅश-कंट्रोल हा हेडर (फाइलीसोबत येणारी सूचना) सांगतो. त्यातील मॅक्स-एज सर्वांना लागू असतो, एस-मॅक्सएज फक्त सीडीएनसारख्या सामायिक कॅशला. ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये हा हेडर फाइल चढवतानाच द्यावा लागतो. तो राहून गेला तर क्लाउडफ्रंटच्या मूळ मांडणीत २४ तास धरले जातात.

बदललेली फाइल वाचकापर्यंत नेण्याचे दोन मार्ग आहेत. एक, सर्व एजवरील जुन्या प्रती आदेशाने काढून टाकणे, म्हणजे पर्ज. याने एजवरची प्रत जाते, पण वाचकाच्या ब्राउझरमध्ये बसलेली प्रत तशीच राहते, आणि हाच याचा खरा दोष. दुसरा, मजकुराचा हॅश फाइलीच्या नावातच घालणे. मजकूर बदलला की नाव बदलते, जुनी प्रत काढण्याचा प्रश्नच उरत नाही आणि आयुष्य वर्षभराचे देता येते. त्या जोडीला वापरायचा इम्यूटेबल हा निर्देश २०१७ मध्ये प्रमाणित झाला. नावे सांगणारे एचटीएमएल पान मात्र अल्पायुषी ठेवावे लागते. गूगल फाँट्समध्ये हीच विभागणी दिसते. फाँटची यादी सांगणारी स्टाइलशीट एक दिवसाची, तर फाँटच्या फाइली एका वर्षाच्या. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्त’ (Mukta) नावाचा देवनागरी फाँटही तिथूनच मिळतो. देवनागरीचा भाग वेगळ्या फाइलीत असल्याने नुसत्या रोमन पानाला तो उतरवावा लागत नाही.

या मार्गात चढवण्याचा क्रम पाळावा लागतो. आधी नव्या नावांच्या फाइली, मग पान. जुन्या फाइलीही लगेच पुसायच्या नसतात, कारण कोणाच्या तरी पडद्यावर जुने पान उघडे असते.

खर्च व खंड : साठ्यातून बाहेर जाणाऱ्या डेटावर क्लाउड कंपन्या आकार (शुल्क) लावतात. एस-थ्रीकडून क्लाउडफ्रंटकडे जाणाऱ्या डेटावर डिसेंबर २०१४ पासून तो नाही. क्लाउडफ्लेअरच्या आर-टू या साठ्यात बाहेर जाण्याचा आकारच नाही. उत्तर व्हर्जिनियातील एस-थ्री २८ फेब्रुवारी २०१७ रोजी एका चुकीच्या आदेशामुळे काही तास बंद पडली. फास्टली ही सीडीएन ८ जून २०२१ रोजी कोलमडली तेव्हा अनेक मोठी वृत्तस्थळे एकदम दिसेनाशी झाली.

भारतात : क्लाउडफ्रंटचे एज मुंबई व चेन्नईत २०१३ मध्ये आले, ॲमेझॉनचा मुंबईतील साठा २०१६ मध्ये. मधल्या तीन वर्षांत या कंपनीचा सर्वांत जवळचा साठा सिंगापूरचा होता. फाइल तिथे आणि प्रत मुंबईत, अशी स्थिती होती. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये उघडलेल्या भारतीय क्लाउड प्रदेशांत पुणे आणि मुंबई दोन्ही आहेत. थेट प्रक्षेपणही आता बव्हंशी याच पद्धतीने होते. चित्रफितीचे काही सेकंदांचे तुकडे तयार होताच त्या स्टॅटिक फाइली बनतात. १९ नोव्हेंबर २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक असल्याचे कंपनीने जाहीर केले होते.

सामायिक कोड-लायब्ररी : अनेक स्थळे वापरतात अशा जेक्वेरीसारख्या तयार जावास्क्रिप्ट कोडची फाइल सार्वजनिक सीडीएनवरून घेतली, तर ती वाचकाच्या ब्राउझरमध्ये दुसऱ्या एखाद्या स्थळामुळे आधीच असेल, हा समज अजून पाठ्यपुस्तकांत आढळतो. सफारीने २०१३ पासून, क्रोमने २०२० मध्ये आणि फायरफॉक्सने २०२१ मध्ये ब्राउझरचा कॅश संकेतस्थळागणिक वेगळा केल्यापासून हा लाभ उरलेला नाही.